सशाचा कान, उंदराचं पाऊल

१८५१ सालची अखेर. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार नावाच्या शास्त्रज्ञाने एका सशाच्या मानेतली एक बारीक नस कापली आणि मग सशाच्या दोन्ही कानांची तुलना केली. त्याच्या हिशोबाप्रमाणे नस कापलेल्या बाजूचा कान गार पडायला हवा होता. पण तो गरम झाला होता. हाताला सहज कळावं इतका गरम. कानातल्या रक्तवाहिन्या टरारून फुगल्या होत्या आणि कान लालसर दिसत होता.

आधी एक खुलासा. मराठीत आपण 'नस' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. रक्ताची नस आणि 'मानेची नस दबली' म्हणतो ती नस. या लेखात नस म्हणजे दुसरी, संदेश वाहून नेणारी. पहिलीला मी रक्तवाहिनी म्हणेन.

बर्नारचा हिशोब चुकला असला तरी वेडगळ नव्हता. लकवा भरलेला हात बरेचदा गार लागतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यावरून अंदाज असा, की नसा शरीराला ऊब पुरवतात. मग रक्तवाहिन्यांच्या सोबतीने जाणारी नस तोडली, की ऊब बंद. सशाच्या कानाने नेमकं उलट उत्तर दिलं. ही नस ऊब देत नव्हती, ऊब आवरून धरत होती. ती रक्तवाहिन्यांना आकसून ठेवायची. लगाम तुटला, वाहिन्या सैल झाल्या, आतलं गरम रक्त कानात भरलं.

गंमत म्हणजे हीच नस पुर्फूर द्यु प्ती या फ्रेंच डॉक्टरने कुत्र्यांमध्ये कापून पाहिली होती आणि त्यावरचा निबंध १७२७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याचं लक्ष डोळ्याकडे होतं. त्या बाजूची बाहुली लहान होते, हे त्याने नोंदवलं. पुढची सव्वाशे वर्षं हा प्रयोग माहीत होता आणि सगळे डोळाच बघत राहिले. कान तिथेच होता.

१८५२ मध्ये मॉरिशसमध्ये जन्मलेल्या शार्ल-एदुआर ब्राउन-सेकारने दुसरी बाजू तपासली. कापलेल्या नसेचं कानाकडे जाणारं टोक त्याने विजेने चाळवलं. वाहिन्या आकसल्या, कान पुन्हा गार झाला. नस तोडली की गरम, चाळवली की गार. दोन्ही दिशांनी पडताळा झाला.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढची पावणेदोनशे वर्षं त्यांच्याभोवतीच फिरतात. पहिली, मोजपट्टी त्याच प्राण्याच्या शरीरात होती: दुसरा कान. सगळ्या सशांच्या कानांचं सरासरी तापमान काढण्याची गरज पडली नाही. दुसरी, गरम झालेला कान हलत होता. कान हलवणारी नस वेगळी, तिला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे ऊब आणि हालचाल यांच्या तारा स्वतंत्र आहेत.

एका केबलमध्ये तीन कारभार

बर्नारने नशिबाने अशी जागा निवडली, जिथे एकच तार सुटी सापडते. हातापायात तसं नसतं. मांडीच्या मागून पायात उतरणारी सायटिक नस घ्या. ती एका जाड केबलसारखी आहे. तिच्यात स्नायूंना हुकूम देणारे तंतू आहेत, कातडीकडून स्पर्श, वेदना, ऊन-गार यांच्या खबरा आणणारे तंतू आहेत आणि रक्तवाहिन्या व घामाच्या ग्रंथी सांभाळणारे, बर्नारच्या नसेच्या जातीचे, सिंपथेटिक तंतूही आहेत. केबल तुटली की तिन्ही खाती एकदम बंद पडतात. पाय लुळा पडतो, बधिर होतो आणि सुरुवातीला गरम व कोरडा होतो. कोरडा, कारण घामही त्याच तारेवर चालतो.

गोष्ट इथे संपत नाही. काही दिवस-आठवडे गेले की तोच गरम पाय हळूहळू गार पडतो. लगाम सुटलेल्या वाहिन्या रक्तातल्या ॲड्रेनालिनसारख्या रसायनांना जास्तच संवेदनशील होतात आणि थोड्याशा निमित्ताने आकसतात. शिवाय स्नायू हलत नाहीत, तेव्हा त्यांना रक्तही कमी लागतं. म्हणजे बर्नारच्या आधीच्या डॉक्टरांनी पाहिलेला गार हातही खरा होता आणि सशाचा गरम कानही खरा. दोघांनी वेगवेगळ्या तारखांना पाहिलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला दर काही सेकंदांनी त्याला एक छोटा प्रश्न पाठवतात. उत्तर आलं की पडद्यावर हिरवा दिवा. पण हिरवा दिवा एवढंच सांगतो, की दार वाजवल्यावर कोणीतरी 'ओ' दिली. आत काम चाललंय का, हा वेगळा प्रश्न. नसेच्या दुखापतीचा इतिहास वाचताना मला सारखं हेच दिसत राहिलं. प्राणी बोलत नाही. त्याला 'बरं वाटतंय का?' असं विचारता येत नाही. मग माणसांनी एकेक दिवा शोधला, त्यावर भरवसा टाकला आणि पुढच्या पिढीने दाखवून दिलं, की दिवा भलतंच काही सांगत होता.

बेडकाची जीभ, सैनिकाचा हात

बर्नारच्या सशाच्या थोडं आधी, १८५० मध्ये, ऑगस्टस वॉलरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बेडकाच्या जिभेवरचं काम मांडलं. जिभेकडे जाणारी नस कापली की कापाच्या पलीकडचा भाग काही दिवसांत आतून कुजत, तुकडे होत जातो, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पेशीच्या बाजूचा तुकडा टिकतो, तुटून पडलेला मरतो. म्हणजे नस सांधणं हे तुटलेली वायर जोडण्यासारखं काम नाही. शिवण कितीही छान घाला, पलीकडची तार गेलेलीच असते. अलीकडच्या टोकातून नवा कोंब फुटून, जुन्या नळीतून वाट काढत, पार बोटापर्यंत वाढत जावा लागतो.

ही माहिती लवकरच माणसांच्या कामी आली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात नसेला गोळी लागलेले सैनिक गोळा केले गेले. तिथला डॉक्टर सायलस वीअर मिचेल हा पॅरिसमध्ये बर्नारकडे शिकून आलेला. त्याने मोरहाउस आणि कीन या सहकाऱ्यांसोबत १८६४ मध्ये बंदुकीच्या जखमांनी होणाऱ्या नसांच्या इजांवर पुस्तक लिहिलं. त्यातले काही सैनिक विलक्षण होते. जखम भरलेली, पण हात लाल, गुळगुळीत, चकाकणारा आणि आगीत धरल्यासारखा जळणारा. ते हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत, पाय जळत असेल तर बुटात पाणी ओतत. या आजाराला 'कॉझॅल्जिया' नाव मिळालं, म्हणजे जळजळीची वेदना.

सशाने जे सांगितलं नव्हतं, ते सैनिकांनी सांगितलं. ऊब नुसती ऊब नसते, ती आतून कशी लागते हेही असतं. सशाचा लाल कान हाताला गरम लागला. सशाला तो कसा लागला, हे विचारायला कोणतंही उपकरण नव्हतं.

आणि विचारायला हवं होतं का, हा प्रश्न बर्नारच्या घरातच उभा राहिला. तो द्राक्षमळ्यात काम करणाऱ्या कुटुंबातला. नाटककार व्हायचं म्हणून पॅरिसला आला आणि वैद्यकाकडे वळला. मारी-फ्रांस्वाज मार्तँ हिच्याशी लग्न झालं, तेव्हा तिच्या हुंड्याच्या पैशाने त्याच्या संशोधनाला हातभार लागला. त्याच संशोधनात जिवंत प्राण्यांची होणारी चिरफाड तिला असह्य झाली. १८७० च्या सुमारास ती वेगळी झाली. मुलींनी आईची बाजू घेतली आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्धच्या कामात त्या उतरल्या. बर्नारच्या शोधाचा मोठेपणा आणि त्या घराची मोडतोड या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावरून आल्या.

हा वाद पुढे चिघळला. लंडनचा विल्यम बेलिस हे त्याचं ठळक उदाहरण. १९०१ मध्ये त्याने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की मणक्यात शिरणाऱ्या संवेदनांच्या तंतूंना चाळवलं तर पायातल्या वाहिन्या उलट फुलतात. म्हणजे लगाम ओढणारे तंतू वेगळे आणि ढील देणारे वेगळे, शिवाय 'फक्त खबर आणणारे' समजलेले तंतूही कातडीच्या उबेत ढवळाढवळ करतात. कातडीच्या तापमानाचा अर्थ लावणं आणखी अवघड झालं. १९०३ मध्ये याच बेलिसने, लाळग्रंथींच्या संदर्भात, विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रयोग केला. वर्गात बसलेल्या दोन स्वीडिश तरुणींनी तो बेकायदा आणि क्रूर असल्याची नोंद ठेवली, एका जाहीर सभेत आरोप झाला आणि बेलिसने अब्रूनुकसानीचा दावा लावून तो जिंकला. पण १९०६ मध्ये बॅटरसीमध्ये त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यावरून रस्त्यावर दंगे केले आणि १९१० मध्ये पुतळा हटवला गेला. कुत्र्याच्या स्मारकासाठी लंडनच्या रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या, हे आज खरं वाटत नाही.

बोटं फाकतात का?

पुढचा मोठा टप्पा दुसऱ्या महायुद्धातला. जखमी सैनिकांच्या नसा शिवल्या जात होत्या आणि शल्यचिकित्सकांना साधी माहिती हवी होती: शिवल्यावर किती दिवस वाट पाहायची? कोंब दिवसाला किती वाढतो?

ऑक्सफर्डमध्ये चार जण या प्रश्नाला भिडले. जे. झेड. यंग, पीटर मेदावर (ज्याला पुढे वेगळ्या कामासाठी नोबेल मिळालं), चेक शास्त्रज्ञ गुटमान आणि नाझी जर्मनीतून निसटून आलेला ज्यू डॉक्टर लुडविग गुट्मान. हा शेवटचा गुट्मान म्हणजे ज्याच्या रुग्णालयातल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं, तोच. त्यांचा १९४२ चा निबंध सशांच्या पायावरचा होता. नस चिरडली असेल तर तंतू दिवसाला सुमारे ४.४ मिलिमीटर वाढतात, तोडून शिवली असेल तर सुमारे ३.५ मिलिमीटर.

हा झाला तंतूंच्या वाढीचा वेग. पण पाय चालायला लागला, हे कधी म्हणायचं? त्यासाठी त्यांनी एक सुंदर साधी खूण वापरली. सशाला उचलून झपकन खाली आणलं, की तो जमिनीवर उतरायच्या तयारीने मागच्या पायाची बोटं फाकतो. नस मेलेली असेल तर बोटं मिटलेलीच राहतात. एके दिवशी ती किंचित फाकतात. तो दिवस वहीत लिहायचा. यंत्र नको, वीज नको. पुन्हा एकदा, तुलनेला शेजारी दुसरा पाय.

तंतू आधी पोचतात आणि बोटं बऱ्याच नंतर फाकतात, हेही यातूनच कळलं. पोचलेला तंतू बारीक असतो, त्याला जाड व्हायचं असतं, त्यावर आवरण चढायचं असतं, स्नायूशी गाठ बांधायची असते. केबल टाकून झाली म्हणून इंटरनेट सुरू होत नाही, तसंच.

हे आकडे आपल्याला का महत्त्वाचे? माणसात ढोबळ नियम दिवसाला १ मिलिमीटरचा आहे. कोपराशी तुटलेली नस हाताच्या बोटांपर्यंत यायला ३० सेंटिमीटर, म्हणजे ३०० दिवस. बाइकच्या अपघातात खांदा आणि मान विरुद्ध दिशांना ताणली जाऊन खांद्याजवळच्या नसांचं जाळं उपटलं जातं. तिथून पंजा ७० सेंटिमीटरवर असेल, तर जवळपास दोन वर्षं. आणि स्नायू एवढं थांबत नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष हुकूम आला नाही की तो झिजून, तंतुमय होऊन जातो. मग नस पोचली तरी दार उघडायला आत कोणी नसतं. संक्रांतीच्या आसपास नायलॉनच्या मांजाने बोट किंवा मनगट कापून येणाऱ्या माणसाला डॉक्टर 'उशीर करू नका' म्हणतात, त्यामागे हेच घड्याळ आहे. त्याची टिकटिक आधी सशांच्या पायांत मोजली गेली.

जुळली, पण उलटी

त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर स्पेरी नावाचा तरुण उंदरांवर एक खोडसाळ वाटावा असा प्रयोग करत होता. पाऊल वर उचलणाऱ्या आणि खाली दाबणाऱ्या स्नायूंच्या नसा त्याने अदलाबदल करून जोडल्या. १९४१ मध्ये त्याने निष्कर्ष मांडले. नसा व्यवस्थित वाढल्या, स्नायूंना हुकूम मिळू लागले. पण उंदराला पाऊल खाली दाबायचं असलं की ते वर उचललं जाई. आणि उंदीर हे कधीच शिकला नाही. कितीही सराव दिला तरी पाऊल उलटंच पडत राहिलं.

त्या काळात अनेकांचा समज होता, की मेंदू लवचीक असतो, तारा कशाही जोडा, तो जुळवून घेतो. स्पेरीच्या उंदरांनी निदान उंदरांपुरता तो समज मोडला. आपल्या गोष्टीसाठी यातलं सार असं: 'नस वाढली का?', 'स्नायू हलला का?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरं 'हो' येऊनही प्राणी चालण्यात नापास होऊ शकतो. बरं होणं म्हणजे हालचाल परत येणं एवढंच नाही. योग्य वेळी योग्य हालचाल परत यावी लागते.

शाईचे ठसे

मग चालणंच मोजलं तर? १९८२ मध्ये लुईस दे मेदिनासेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे केलं. उंदराला एका अरुंद बोळातून पलीकडच्या अंधाऱ्या खोक्याकडे चालू द्यायचं आणि खाली त्याच्या पावलांचे ठसे उमटवून घ्यायचे. पुढे बहुतेक प्रयोगशाळांनी साधी शाई आणि कागद वापरले. लक्ष्मीची पावलं काढताना आपण बोटांचे ठिपके नीट मोजून काढतो ना, तसे इथे ठसे मोजायचे. पावलाची लांबी, पहिल्या ते पाचव्या बोटातलं अंतर, मधल्या बोटांतलं अंतर.

धडधाकट उंदीर बोटं फाकून, टाच उचलून चालतो. ठसा आखूड आणि रुंद येतो. सायटिक नस गेलेला उंदीर टाच टेकतो, बोटं मिटतात. ठसा लांब आणि अरुंद येतो. या फरकांतून एकच आकडा काढला: सायटिक फंक्शनल इंडेक्स. शून्याच्या आसपास म्हणजे ठीक, −१०० म्हणजे पाय पूर्ण गेला.

१९८९ मध्ये बेन, मॅकिनन आणि हंटर यांनी सुधारलेलं सूत्र दिलं, जे आजही वापरात आहे. त्यात दुखऱ्या आणि चांगल्या पायातला फरक प्रत्येक मापासाठी काढायचा, चांगल्या पायाच्या मापाने भागायचं आणि वजनं लावायची. लांबीला −३८.३, बोटांच्या फाकीला १०९.५, मधल्या बोटांना १३.३ आणि शेवटी ८.८ वजा. समजा दुखऱ्या पायाचा ठसा दीडपट लांब आला आणि दोन्ही फाकी निम्म्यावर आल्या, तर −१९.१५, −५४.७५, −६.६५ आणि −८.८. बेरीज −८९.३५. पाय जवळपास गेलेला. सगळ्यात जास्त वजन कशाला आहे पाहा: बोटं फाकण्याला. १९४२ मध्ये सशात डोळ्याने पाहिलेली खूण ४७ वर्षांनी सूत्रात सगळ्यात वजनदार पद होऊन बसली होती.

आणखी एक गंमत. दोन्ही पावलं तंतोतंत सारखी असतील, तर सगळे फरक शून्य होतात आणि उत्तर येतं −८.८. म्हणजे पूर्ण निरोगी उंदीरही या सूत्रात शून्य मिळवत नाही. अनेक ठशांना बसणारी रेषा काढली की असं होतं. ज्याने आकडा वापरायचा त्याने हे माहीत ठेवून वापरायचा.

आकड्याच्या मर्यादा लवकरच दिसल्या. काही उंदरांचं पाऊल आखडून कायमचं वाकतं. नस बरी होत असली तरी ठसा नीट उमटत नाही. काही पाय घासत नेतात, ठसा फरफटतो. आणि काही उंदीर बधिर झालेली स्वतःची बोटं कुरतडून खातात. ज्या पायाला बोटंच उरली नाहीत, त्याची फाकी काय मोजणार? १९७९ मध्ये पॅट्रिक वॉल आणि सहकाऱ्यांनी या कुरतडण्याकडे भयंकर वेदनेची खूण म्हणून पाहिलं. इतरांचं म्हणणं पडलं, की बधिर बोट उंदराला स्वतःचं वाटतच नाही, म्हणून तो ते खातो. एकच वर्तन आणि दोन अगदी विरुद्ध अर्थ: फार दुखतंय किंवा काहीच जाणवत नाही. इथे मुका प्राणी आणि आपण यांच्यातली भिंत सगळ्यात जाड आहे.

ऊब परत येते

१९८८ मध्ये गॅरी बेनेट आणि शिए यांनी उंदराची सायटिक नस न तोडता तिच्याभोवती चार सैलसर टाके बांधले. नस सुजते, टाक्यांमध्ये आवळली जाते, अर्धवट इजा होते. उंदीर चालतो, पण पाऊल जपून, उचलून धरतो आणि थोड्या उष्णतेनेही पाय झटकन काढून घेतो. मिचेलच्या सैनिकांची आठवण यावी असं हे चित्र होतं. त्यांनी आणखी एक नोंद केली: सुमारे एक तृतीयांश उंदरांचा तो पाय असामान्यपणे गरम किंवा असामान्यपणे गार होता.

'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. इजा तीच, टाके तेच, पण कोणाचा पाय गरम, कोणाचा गार आणि बाकीच्यांचा दोन्ही नाही. म्हणजे तापमानावरून इजेची तीव्रता सरळ वाचता येत नाही. पण डाव्या-उजव्यात फरक पडलाय, ही खूण मात्र निरर्थक नाही. माणसांतल्या अशाच जळजळणाऱ्या आजाराच्या निदानासाठी पुढे बुडापेस्टमधल्या बैठकीतून जे निकष आले, त्यांत दोन्ही हातापायांच्या तापमानातला १ अंशाहून जास्त फरक ही एक खूण धरली आहे. गरम का गार, ते विचारत नाहीत. फरक आहे का, एवढंच विचारतात. बर्नारचा दुसरा कान इथे पुन्हा उपयोगी पडला.

वेल्लोर

या सगळ्याची भारतातली कडी कुष्ठरोगाची आहे. आनंदवनामुळे मराठी वाचकाला हा रोग आणि त्याने झडलेली बोटं अनोळखी नाहीत. पण ती बोटं का झडतात, याचं उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाच्या कामातून नीट पुढे आलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्याला दिसलं, की लकवा ठरावीक स्नायूंनाच होतो. कोपराशी नस सुजते, वरच्या दंडात तीच नस ठीक असते. कारण? जंतूला गारवा आवडतो आणि नस जिथे कातडीजवळ येते तिथे ती गार असते. १९५९ मध्ये ब्रँडने तापमान आणि कुष्ठरोगातली विकृती यांच्या संबंधावर निबंधच लिहिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स शेपर्डने हा जंतू उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला. तळपायच का? तो शरीराच्या मानाने गार असतो म्हणून. बर्नारच्या सशात नस कातडीचं तापमान ठरवत होती. इथे कातडीचं तापमान ठरवत होतं, की कोणती नस मरणार.

ब्रँडने चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून लुळ्या बोटांना जोडला आणि आखडलेले हात पुन्हा उघडू-मिटू लागले. हालचाल परत आली. जखमा थांबल्या नाहीत. उलट हलणारा पण बधिर हात जास्त कामाला लागला आणि जास्त जखमी झाला. गरम पातेलं, घट्ट कुलूप, बुटातला खिळा, काहीच जाणवेना. बोटं रोगाने गळत नव्हती. ती नकळत भाजून, घासून, चिरडून जात होती.

पुढे अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिल इथे, ब्रँडने बेशुद्ध केलेल्या उंदरांच्या तळपायावर यंत्राने हलका दाब पुन्हा पुन्हा, हजारो वेळा देऊन पाहिला. एकेक दाब निरुपद्रवी होता. पण रोज रोज दिला की आधी लाली आणि सूज, मग जखम. तुमचा-माझा पाय दुखतो, आपण लंगडतो, वजन दुसरीकडे टाकतो आणि जखम टळते. बधिर पायाला लंगडता येत नाही. पण जखमेआधीची सूज गरम असते. ज्याला वेदना कळत नाही, त्याला ती ऊब हाताने तपासता येते. सशात ऊब म्हणजे नस तुटल्याचा पुरावा होता. आता ती, तुटलेल्या नसेने जो इशारा द्यायचा त्याच्या जागी बसली.

२००० नंतर अमेरिकेत मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णांवर याच कल्पनेच्या चाचण्या झाल्या. घरी एक साधं इन्फ्रारेड थर्मामीटर, रोज दोन्ही तळव्यांवरच्या ठरावीक जागा मोजायच्या. त्याच जागी डाव्या-उजव्यात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक टिकून राहिला, तर चालणं कमी करायचं आणि दवाखान्यात फोन करायचा. हे करणाऱ्यांना पायाच्या जखमा कमी झाल्या.

कोणाच्या खर्चाने

दुसऱ्या बाजूचा हिशोबही मांडला पाहिजे. १८७६ मध्ये ब्रिटनने अशा प्रयोगांना परवाना सक्तीचा केला. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा हे तीन नियम मांडले. भारतात १९६० च्या कायद्याने प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद केली. ठशांचा इंडेक्स किंवा दुरून तापमान टिपणारा कॅमेरा आवडण्याचं एक कारण हेही आहे, की त्यात त्याच उंदराला पुन्हा पुन्हा, न चिरता मोजता येतं. पण नस आधी दुखावलेली असतेच, ते विसरून चालत नाही.

मला वाटतं, या प्राण्यांचं ऋण मान्य करण्याचा एक व्यवहारी मार्ग आहे. त्यांच्याकडून मिळालेला आकडा तो जेवढं सांगतो तेवढाच वाचायचा. गरम कानावरून नस ऊब आवरते एवढं कळलं, सशाला काय वाटलं ते नाही. फाकलेल्या बोटांवरून नस पोचली एवढं कळलं, उंदीर नीट चालेल का ते नाही. नीट पडलेल्या ठशावरून चाल सुधारली एवढं कळलं, पाय जळतोय का ते नाही. नसेवरच्या नव्या उपचाराची 'उंदरांमध्ये संपूर्ण बरे' अशी बातमी फोनवर दिसली, की आता निदान एवढं विचारता येईल: काय मोजलं? ऊब, हालचाल, चाल की स्पर्श? कितव्या आठवड्यात? कशाशी तुलना करून? आणि उंदराची नस काही सेंटिमीटरची, आपली मीटरभर, याचं काय केलं?

आणि घरात मधुमेहाचं माणूस असेल, वर्षानुवर्षं साखर वाढलेली, पायाला मुंग्या येऊन मग त्याही थांबलेल्या, तर रात्री त्यांच्या दोन्ही तळव्यांना हात लावून पाहा. थर्मामीटर नसलं तर हाताची मागची बाजू चालते. एक जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागत असेल, तर 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे ऐकून घेऊ नका. तो पाय दुखलं तरी सांगू शकत नाही.